वासाचं पाणी

काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घरात नळ एक दिवसाआड यायचा, तोही पहाटे. नळ खाकरायला लागला की आई सगळ्यांच्या आधी उठायची. पहिले दोन तांबे सोडून द्यायची आणि तिसरा नाकाशी धरायची. पाण्याला औषधाचा वास आला की तिचा चेहरा निवायचा. "भरा रे," म्हणायची. वास नसला, तर तो हंडा आधी चुलीवर चढायचा.

आम्हां भावंडांना त्या वासाची शिसारी. एकदा मी कुरकुरले, तेव्हा तिने सांगितले. बीदरकडच्या तिच्या सासरी आड होता. पाणी गोड, नितळ, बिनवासाचे. पटकीच्या साथीत त्याच पाण्याने तिचा पहिला मुलगा एका रात्रीत गेला. "वासाचं पाणी बरं गं बाई. कुणीतरी राखण केलीय, असं कळतं."

हैदराबादेत नव्याने आलेल्याला गंडीपेटच्या पाण्याचे कौतुक ऐकवतात. ते प्यायलेला माणूस म्हणे हे शहर सोडत नाही. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी कोपली आणि हजारो माणसे वाहून गेली. मग विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले. १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेट, आणि १९२७ मध्ये हिमायतसागर बांधून झाला. पुढे मांजरा आली, कृष्णा आली, गोदावरी आली. तिघींचेही उगम महाराष्ट्रातले. आमच्यासारख्याच त्याही इकडे येऊन राहिल्या, असे मी गमतीने म्हणते.

माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. एका रात्री तिचा रडवेला फोन आला. नातवाने माशांच्या पेटीत नळाचे पाणी थेट ओतले आणि सकाळपर्यंत सगळे मासे उलटे तरंगत होते. "आई, इथल्या पाण्यात क्लोरामाइन घालतात. डायलिसिसवाल्यांनाही त्याचा धोका असतो म्हणे. बाबांचं काय? आणि पोराला हे पाणी पाजू तरी कसं?"

ह्यांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा. मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या तंत्रज्ञ मुलालाच विचारले. त्याने मला मागच्या खोलीत नेऊन कोळशाच्या दोन मोठ्या टाक्या दाखवल्या. "अम्मा, पीने का पानी अलग, खून का पानी अलग."

मग त्याने नीट समजावले. क्लोरीनमध्ये थोडा अमोनिया मिसळला की क्लोरामाइन होते. क्लोरीन जोरकस, पण लवकर उडून जाते. पाणी उघडे ठेवले किंवा उकळले की त्याचा वास जातो. क्लोरामाइन सौम्य, पण टिकाऊ. लांबच लांब नळांतून शेवटच्या घरापर्यंत ते राखण करते. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ मध्ये ते स्वीकारले. प्यायलेले क्लोरामाइन पोटातच मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत ते चालेल असे ठरवले आहे. माशाच्या कल्ल्यांतून मात्र ते सरळ रक्तात उतरते. डायलिसिसमध्येही तसेच. चार तासांत सुमारे १२० लिटर पाणी रक्ताशेजारून वाहते, मध्ये फक्त पातळ पडदा. म्हणून ते आधी कोळशातून जाते आणि प्रत्येक पाळीआधी तपासले जाते. आपल्याकडे बहुधा नुसतेच क्लोरीन घालतात; पण धरणाच्या पाण्यात अमोनिया असला तर क्लोरामाइन आपसूकच तयार होते. त्यामुळे तपासणी इथेही चुकत नाही.

मी रात्री लेकीला सगळे सांगितले. पोराला पाणी खुशाल पाज. माशांच्या पाण्यात मात्र दुकानात मिळणारे औषध घाल, नुसते उघडे ठेवून भागणार नाही. निर्धोक असे मात्र काहीच नसते, हेही सांगितले. २००० साली वॉशिंग्टनने क्लोरामाइन घातले आणि जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले. ते सावरायला काही वर्षे गेली. पण राखणच नसली तर काय होते, ते आम्ही इथे पाहिले आहे. मे २००९ मध्ये भोलकपूरला पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली.

ती जरा शांत झाली. मग म्हणाली, "आजी तांब्याचा वास घ्यायची ना गं?"

"मीही घेते," मी म्हटले.

परवा ह्यांच्या डायलिसिसच्या दिवशी त्या मुलाने पाण्याची तपासणी माझ्यासमोरच केली. "सब ठीक है अम्मा," म्हणाला. ह्यांना खुर्चीवर बसवले, यंत्र सुरू झाले. मी बाहेरच्या बाकावर बसून चार तास मोजत राहिले. घरी परतले तेव्हा नळ आला होता. पहिले दोन तांबे मी सोडून दिले.