लग्नानंतरचं पहिलं वर्ष आणि विहिरीचं पाणी

लग्नसराई संपून दोन-तीन महिने झाले की माझ्या ओपीडीत नवी जोडपी यायला लागतात. मुलगी लातूरची, मुलगा सांगलीचा, नोकरी हिंजवडीत आणि भाड्याचा फ्लॅट वाकडला. तक्रार बहुतेक वेळा साधीच असते: पोट बिघडलंय, झोप नाही, वजन चार किलोंनी वाढलंय. (केळवणं आणि लग्नानंतरची जेवणावळ यांचा हिशोब कोणीतरी मांडायला हवा.) पण खरी तक्रार अनेकदा नवरा औषधं आणायला बाहेर गेला की बाहेर येते. "मॅडम, एक विचारू का? ह्यांना सांगू नका हं."

अशा वेळी मी माझ्याच पहिल्या वर्षाबद्दल सांगते. आज ते तुम्हालाही सांगते.

माझं लग्न डिसेंबर 1996 मध्ये झालं. नुकतीच एम.डी. झाले होते. सासर कराडजवळच्या एका गावात, मोठं वाड्यासारखं घर. संडास अंगणाच्या पलीकडे, आणि तिकडे जायचा रस्ता ओसरीवरून. ओसरीवर सकाळ-संध्याकाळ सासरे आणि गावातली चार वडीलधारी माणसं बसलेली. नव्या सुनेनं हातात टमरेल घेऊन त्यांच्यासमोरून जायचं म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. त्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेनं शोधलेला उपाय एकच होता: पाणी कमी प्यायचं.

दहाव्या दिवशी मला लघवीला जळजळ सुरू झाली. दर पंधरा मिनिटांनी घाई, आणि गेल्यावर चार थेंब. याला डॉक्टर लोक थट्टेनं 'हनिमून सिस्टायटिस' म्हणतात. ज्याला होतं त्याला थट्टा सुचत नाही.

हे का होतं ते समजून घ्या. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर लांब असते आणि तिचं तोंड गुदद्वारापासून फार दूर नसतं. आतड्यात राहणारे ई. कोलाय नावाचे जंतू शरीरसंबंधाच्या वेळी त्या नलिकेत ढकलले जातात. एरवी लघवीच्या धारेबरोबर ते धुऊन निघतात. पाणी कमी प्यायलं आणि लघवी रोखून धरली तर ते वर मूत्राशयात जाऊन वाढतात. म्हणून संबंधानंतर लघवीला जाऊन यावं, पाणी भरपूर प्यावं, आणि त्रास झाल्यास लघवीची तपासणी करून योग्य अँटिबायोटिक घ्यावं. साधा संसर्ग काही दिवसांत बरा होतो. थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत, कमरेच्या वर दुखायला लागलं तर संसर्ग किडनीपर्यंत गेला असू शकतो, मग थांबू नये. आणि हे मी मुद्दाम सांगते: याचा मुलीच्या चारित्र्याशी काहीही संबंध नाही. हा गुप्तरोग नव्हे. नवऱ्यानं यावरून संशय घेतल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

मी त्याच रात्री ह्यांना सांगितलं. आमची ओळख तेव्हा धड महिन्याचीही नव्हती, आणि आमच्या संसारातलं पहिलं गंभीर बोलणं लघवीवर झालं. ते सकाळी कराडला जाऊन गोळ्या घेऊन आले. मग मी सासूबाईंनाही सांगितलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्हालाही व्हायचं गं. धणे-जिऱ्याचं पाणी प्यायचो आणि गप बसायचो." धण्याच्या पाण्यानं जंतू मरत नाहीत, पण निदान पोटात पाणी तरी जातं. आठवड्याभरात त्यांनी गवंडी बोलावून परसदाराकडून वाट काढून घेतली. कारण काय, हे सासऱ्यांना त्यांनी कधीच सांगितलं नाही.

फेब्रुवारीत आम्ही कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलो. हे केमिकल इंजिनिअर, लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रुजू झाले. मी एका छोट्या रुग्णालयात फिजिशियन म्हणून काम सुरू केलं. मार्चमध्ये समजलं की दिवस राहिले आहेत. लग्न ठरलं तेव्हापासून मी फॉलिक अ‍ॅसिड घेत होते. दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम घेतलं तर बाळाच्या पाठीच्या कण्याचे काही जन्मजात दोष टळतात. बाळाचा कणा इतक्या लवकर तयार होतो की पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि नवी सून बऱ्याच घरांत आजही सगळ्यांत शेवटी जेवते.

भाड्याचं घर छान होतं. जांभ्या दगडाची बैठी इमारत, मागे आंबा आणि फणस, आणि घराची स्वतःची विहीर. मला दिवस असल्यामुळे माझं प्यायचं पाणी मी उकळून वेगळं ठेवायची. ह्यांना उकळलेलं पाणी बेचव लागायचं. ते स्टीलच्या कँडल फिल्टरचं पाणी प्यायचे. त्या काळी तो फिल्टर घरोघरी असायचा. त्याच्या कँडलमध्ये गाळ अडकतो, काही जंतूही अडकतात, पण विषाणू इतका सूक्ष्म असतो की तो आरामात पलीकडे जातो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ह्यांना बारीक ताप आला. भूक गेली. दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस चहाच्या वासानं तोंड फिरवू लागला. मी विचारलं, "अहो, लघवीचा रंग कसा आहे?" ते म्हणाले, "गडद आहे. मोहरीच्या तेलासारखी." डोळे अजून पांढरेच होते. काविळीत बरेचदा असंच होतं: आधी लघवी गडद होते, डोळे नंतर पिवळे होतात. ते दोन दिवसांनी झाले. रक्ताचा नमुना पुण्याला पाठवला. उत्तर आलं, हिपॅटायटिस ई.

हा विषाणू फारसा कोणाच्या ओळखीचा नाही. 1955-56 मध्ये दिल्लीत काविळीची मोठी साथ आली, सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं. ती साथ या विषाणूची होती हे पुष्कळ वर्षांनी कळलं. 1983 साली मिखाईल बालायन या रशियन विषाणुतज्ज्ञांनी रुग्णांच्या शौचाचा अर्क स्वतः प्यायला, आजारी पडले आणि मग स्वतःच्याच शौचात सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पाहिला. (असले प्रयोग आता कोणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) धडधाकट माणसाला याचा सहसा मोठा धोका नसतो. विश्रांती आणि साधं जेवण यावर कावीळ काही आठवड्यांत ओसरते. धोका असतो तो गरोदर बाईला, आणि त्यातही शेवटच्या तिमाहीत. तेव्हा यकृत अचानक निकामी होऊ शकतं. अशा स्त्रियांपैकी 20 ते 25 टक्क्यांपर्यंत दगावतात.

मला 28 वा आठवडा होता.

आईला एसटीडी बूथवरून फोन केला. ती म्हणाली, "तिथं थांबू नकोस, आत्ताच्या आत्ता साताऱ्याला निघून ये." तिला समजावलं की मला भीती ह्यांची नाही. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे क्वचितच जातो, तो येतो पाण्यातून. आणि त्याचा गर्भकाळ 2 ते 8 आठवडे, म्हणजे ह्यांच्या पोटात तो गेला जूनच्या शेवटी किंवा जुलैत. पावसाची पहिली झोड तेव्हाच होती. मागे जाऊन पाहिलं तर शेजारच्या संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून वीस-पंचवीस पावलांवर. जांभा दगड सच्छिद्र असतो. कोकणातल्या पावसात जमिनीतलं पाणी वर आलं की खड्ड्यातली घाण त्यातून झिरपत विहिरीत उतरते. पाणी दिसायला स्वच्छच. मी प्यायचे ते उकळलेलं, पण दात त्याच विहिरीच्या पाण्यानं घासायचे, आणि कोशिंबिरीच्या काकड्या त्याच पाण्यात धुवायचे. जे पोटात जायचं ते गेलं असेल तर साताऱ्याला जाऊन बाहेर पडणार नव्हतं. शिवाय सातव्या महिन्यात, दरडी पडत असताना घाट चढायचा.

त्या रात्री ह्यांनी विचारलं, "तुला झाली तर?"

मी सांगितलं. आकड्यासकट सांगितलं, पाचात एक. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कालनिर्णय काढ भिंतीवरून."

10 ऑगस्टपासून घरात न उकळलेल्या पाण्याचा एक थेंब वापरला नव्हता, दात घासायलाही नाही. तिथून 60 दिवस म्हणजे 9 ऑक्टोबर. त्या तारखेभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल केला. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दर आठवड्याला माझी एसजीपीटी आणि बिलिरुबिन बघायचं ठरवलं. उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले किंवा गुंगी वाटली तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात हलवायचं. त्यासाठी कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं आपली जीप कायम तयार ठेवली. तुमच्या घरात गरोदर बाईला कावीळ झाली तर तुम्हीही हेच करा. ती बेताची दिसते म्हणून घरी ठेवू नका. दिवसा झोप, रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त, ही यकृत हरत असल्याची चिन्हं आहेत.

सासूबाई कराडहून आल्या त्या पिशवीत काविळीची माळ घेऊनच. ती डोक्यावर ठेवायची, आणि कावीळ उतरते तशी ती वाढत खाली येते म्हणतात. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते. डोक्यावर न ठेवता खुंटीला टांगली तरी लांबते. मी ती ठेवू दिली, तिनं अपाय नव्हता. दंडावर डाग द्यायला आणि नाकात कसलासा रस घालायला मात्र नाही म्हटलं. उसाचा रसही बंद केला. ऊस वाईट नाही, पण गाड्यावरचा बर्फ कोणत्या पाण्याचा असतो हे कोण सांगणार? हळद आणि तेल पूर्ण तोडायची गरज नसते, जे पचेल ते खावं. दारू अजिबात नको. तापाची गोळीही डॉक्टरांना विचारूनच.

पाण्याचं म्हणाल तर खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवा आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. हिपॅटायटिस ए आणि बी च्या लशी ई ला उपयोगी पडत नाहीत. ई ची लस चीनमध्ये 2011 साली मंजूर झाली, आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. भाड्याचं घर बघताना पार्किंग विचारता तसं पाणी कुठून येतं आणि मैलापाणी कुठे जातं हेही विचारा. टँकर येत असेल तर तो कुठून भरतो, हेही.

गणपती आले नि गेले. ह्यांचे डोळे पांढरे झाले, चहा पुन्हा सुरू झाला. माझी एसजीपीटी दर सोमवारी नॉर्मल येत राहिली. डोहाळजेवण चिपळुणातच झालं, शेजारणींनी केलं. 9 ऑक्टोबरला ह्यांनी कामावर जाताना कॅलेंडरचं पान उलटून खिळ्याला लावलं आणि काही न बोलता गेले. संध्याकाळी पेढे घेऊन आले.

मुलगी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, 2 किलो 800 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा पिवळसर दिसायला लागला, तेव्हा खोलीतली सगळी माणसं एकदम माझ्याकडे बघू लागली. नवजात बाळाची कावीळ हा अगदी निराळा विषय आहे. त्याबद्दल पुढच्या लेखात.