सर्वांत अवघड काय?



मधल्या सुटीत तुमच्या वर्गात एक वाद नक्की होत असेल. एक म्हणतो, "क्रिकेटसारखा अवघड खेळ नाही." दुसरा म्हणतो, "फुटबॉल खेळून बघ, मग कळेल." घंटा होते. वाद तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो. मीही लहानपणी हा वाद पुष्कळ घातला आहे. आज तो तुमच्यापुढे मांडतो आणि माझे उत्तरही सांगतो. ते पटते का, हे तुम्ही ठरवा.

माझे बालपण पडेगावात गेले. छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे निघाले की वाटेत पडेगाव लागते. आज शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणत असू. आता पडेगावात चहूकडे वसाहती झाल्या आहेत. त्या वेळी मोकळी जागा भरपूर होती. संध्याकाळी आम्ही मुले तेथे खेळत असू. मैदानाच्या कडेला कडुनिंबाचे झाड होते आणि झाडाखाली सायकलचे पंक्चर काढणारे एक चाचा बसत. खेळ संपला की आम्ही त्यांच्या दुकानापुढे गोळा होत असू, आणि तेथेच आमचा वाद रंगत असे.

आम्ही चौघे होतो. चौघांचे चार खेळ होते.

क्रिकेटवाला म्हणायचा, "तुम्हाला विचार करायला वेळ तरी मिळतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू येतो, तेव्हा पापणी लवेपर्यंत दांडी उडालेली असते!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तुम्ही हिशेब करून पाहा. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधले अंतर २०.१२ मीटर असते. गोलंदाज पुढे येऊन चेंडू सोडतो आणि फलंदाजही यष्ट्यांच्या पुढे उभा असतो, म्हणून प्रत्यक्ष अंतर आणखी कमी होते. फलंदाजाला अर्धा सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात चेंडू पाहायचा, ओळखायचा, पाय हलवायचा आणि बॅट आणायची.

हॉकीवाला त्याला लगेच अडवी. "तुझी बॅट केवढी रुंद! माझ्या स्टिकची एकच बाजू सपाट असते. दुसरी बाजू चेंडूला लागली की शिट्टी. वाकून पळायचं, चेंडू सांभाळायचा आणि समोरच्या दोघांना चुकवायचं. आहे का हिंमत?"

हॉकीचे हे कसब पुढे आम्ही पुण्याजवळच्या खडकीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांच्या खेळात पाहिले. १९९२ ते २००४ या काळात ते चार ऑलिंपिक स्पर्धा खेळले. चेंडू घेऊन ते धावू लागले, म्हणजे चेंडू स्टिकला बांधला आहे की काय असे वाटे.

तिसरा मित्र कुस्तीवाला. तो कमी बोले. पण त्याचे बोलणे वजनदार असे. तो म्हणाला, "चेंडू विचार करत नाही. तो येतो तसा येतो. माझ्यासमोर उभा असतो तो माणूस विचार करतो. मी डाव टाकायच्या आधीच तो माझा डाव ओळखतो."

यावर थोडा वेळ कोणालाच उत्तर सुचले नाही.

मग माझी पाळी. माझा खेळ खो-खो. मी छाती फुगवून म्हणालो, "उकिडवे बसून डोळ्याचे पाते लवायच्या आत उठून दाखवा. तुम्ही गुडघे सांभाळत उठाल, तोवर मी खांबापर्यंत पोहोचलेला असेन." आणि ते खरे होते. आमच्या शाळेच्या संघात माझ्याइतका चपळ उठणारा दुसरा मुलगा नव्हता. मला त्याचा अभिमान होता. थोडा गर्वही होता.

एकदा आम्ही चाचांनाच न्याय करायला सांगितले. ते ट्यूबला सोल्यूशन लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, "माझ्या कामात सर्वांत अवघड काय, ते सांगू? सोल्यूशन लावल्यावर थांबणं. ते थोडं सुकू द्यावं लागतं. नवीन पोरगा घाई करतो, लगेच ठिगळ चिकटवतो. गिऱ्हाईक छावणीपर्यंत जात नाही, तोच हवा गेलेली असते."

आम्ही खूप हसलो. खेळाचे विचारले, तर चाचांनी पंक्चरचे सांगितले! त्या बोलण्याचा अर्थ मला पुढे कळला, आणि तो समजायला मला एक सामना हरावा लागला.

तो सामना आंतरशालेय स्पर्धेतला होता. शेवटचा डाव चालू होता आणि पाठलाग आमचा होता. एक गडी बाद झाला असता तर बरोबरी होणार होती. वेळ अर्ध्या मिनिटाहून कमी उरला होता.

खो-खोचा नियम तुम्हाला माहीत आहे. पाठलाग करणारे आठ जण एका ओळीत आळीपाळीने विरुद्ध बाजूंना तोंड करून बसतात. नववा पळतो. तो मागून येऊन पाठीला हात लावतो आणि "खो" म्हणतो, तेव्हाच बसलेल्याने उठायचे. पळणारा गडी मात्र समोरून जात असतो. तो दिसतो, खो देणारा दिसत नाही. या खेळाची सारी गंमत आणि सारी परीक्षा यातच आहे.

तो गडी माझ्या समोरून गेला. हाताच्या अंतरावर होता. मागे पावलांचा आवाज आला. आता खो मिळणारच, असे मला वाटले आणि मी उठलो. दोन पावलांत मी त्याला गाठले. माझा हात त्याच्या पाठीला लागला. आमच्या मुलांनी जल्लोष केला.

त्याच वेळी पंचांची शिट्टी वाजली. खो मिळण्याआधी मी उठलो होतो. फाऊल! गडी बाद नव्हता. पुन्हा पाठलाग सुरू होईपर्यंत तो दूर निघून गेला आणि वेळ संपली. आम्ही एका गुणाने हरलो.

पंचांची काहीच चूक नव्हती. चूक माझी होती. ज्या चपळाईचा मला अभिमान होता, तिनेच आमचा घात केला. पडेगावला परत येताना माझ्याशी कोणी भांडले नाही. भांडले असते तर बरे वाटले असते. कुस्तीवाला मित्र सामना पाहायला आला होता. तो घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला आणि एक शब्दही बोलला नाही.

घरी आपाने सगळे ऐकून घेतले. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "तुला उठता येतं. बसता येत नाही. उद्यापासून बसायला शीक."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात आमचा सराव सुरू झाला. मी उकिडवा बसे. आपा मागून येई, माझ्या पाठीवर हात ठेवी आणि एक शब्द उच्चारी. शब्द "खो" असेल तरच मी उठायचे. आमच्या घरात उर्दू बोलली जाई. पण खो-खोसाठी आपाने माझे मराठीचे पुस्तक उघडले. त्यातून तिने 'खो'ने सुरू होणारे शब्द शोधून काढले. ती म्हणे, "खोबरं!" मी उठलेला असे. ती म्हणे, "खोली!" मी पुन्हा उठलेला असे. "खोकला! खोडकर! खोटं!" ती हसून हसून बेजार होई आणि मी चिडून पुन्हा बसे. अम्मी स्वयंपाकघरातून विचारी, "काय चाललंय? पाठांतर की कवायत?"

पहिल्या आठवड्यात मी जवळजवळ प्रत्येक वेळी चुकलो. हळूहळू फरक पडला. शब्द पूर्ण होईपर्यंत मी थांबू लागलो. थांबणे म्हणजे सैल पडणे नव्हे, हेही तेव्हा कळले. टाचा उचललेल्या, बोटे जमिनीला टेकलेली, नजर समोर आणि सारे अंग तयार; तरीही थांबायचे. यात उठण्यापेक्षा जास्त दम लागतो. विश्वास बसत नसेल तर आज घरी करून पाहा.

हे मी मित्रांना सांगितले, तेव्हा हॉकीवाला म्हणाला, "वा! काही न करणं सर्वांत अवघड, तर मग झोपलेला माणूस सर्वांत मोठा खेळाडू!"

त्याचा प्रश्न चांगला होता. मी उत्तर दिले, "झोपलेल्या माणसाला उठायचंच नसतं. मला उठायचं असतं, उठता येत असतं, आणि तरी मी बसून राहतो."

कुस्तीवाला हसला. तो म्हणाला, "बरोबर आहे. समोरचा मुद्दाम जागा मोकळी दाखवतो. तेथे हात घालायचा मोह होतो. जो हात घालतो, तो पाठीवर पडतो."

मित्रांनो, त्यानंतर मी जो खेळ पाहिला, त्यात ही गोष्ट शोधू लागलो आणि ती मला अनेक ठिकाणी सापडली.

जमैकाचा उसेन बोल्ट याने २००९ साली १०० मीटरची शर्यत ९.५८ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. पण २०११ साली दक्षिण कोरियातील देगू येथे जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत तो बंदुकीच्या आवाजाआधीच निघाला आणि स्पर्धेबाहेर गेला. जगातील सर्वांत वेगवान माणसाला त्या दिवशी क्षणभर थांबणे जमले नाही. हे वाचून मला माझी शिट्टी आठवली.

जानेवारी २००४ मधला सिडनीचा कसोटी सामना घ्या. त्या मालिकेत सचिन तेंडुलकर यांच्या फारशा धावा झाल्या नव्हत्या. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर कव्हर ड्राइव्ह मारण्यात धोका आहे, हे त्यांनी ओळखले. तो त्यांचा नामांकित फटका. त्या डावात त्यांनी तोच बाजूला ठेवला. दहा तासांहून अधिक वेळ ते खेळले, ४३६ चेंडूंना सामोरे गेले आणि २४१ धावांवर नाबाद राहिले. जो फटका आपल्याला उत्तम येतो तोच मारायचा नाही, याला केवढा संयम लागत असेल!

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. या नेमबाजीत लक्ष्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. शर्टाचे बटण ५० मीटरवर ठेवून पाहा, म्हणजे कल्पना येईल. नेमबाज गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम धरतो. नेम डळमळला, तर चाप ओढण्याचा मोह आवरून बंदूक खाली घ्यावी लागते.

आपल्या मराठवाड्यातले अविनाश साबळे यांचे उदाहरण पाहा. बीड जिल्ह्यातील मांडवा हे त्यांचे गाव. त्यांची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. तीत २८ वेळा लाकडी अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा अडथळा ओलांडावा लागतो. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक जिंकले. सुवर्णपदक केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. अशा शर्यतीत सुरुवातीलाच सारी ताकद खर्च केली, तर शेवटचा अडथळा डोंगरासारखा वाटतो. ताकद असताना ती राखून ठेवणे हेही एक प्रकारचे थांबणेच आहे.

आणि माझा खो-खो? जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजेते ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मी ते सामने पाहताना पळणाऱ्यांकडे कमी आणि बसलेल्यांकडे जास्त पाहत होतो.

आता माझ्या गोष्टीचा शेवट सांगतो. पुढच्या वर्षी मी पुन्हा संघात होतो. सामन्यात एक गडी माझ्यासमोरून दोनदा गेला. दोन्ही वेळा मागे पावले वाजली आणि दोन्ही वेळा खो दुसऱ्याला मिळाला. मी बसून राहिलो. तिसऱ्या वेळी पाठीला हात लागला, "खो" ऐकू आले, मी उठलो आणि तो बाद झाला. तो सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. पण त्या दिवशी माझ्याकडून एकही फाऊल झाला नाही. घरी आल्यावर आपाने पहिला प्रश्न विचारला, "शिट्टी वाजली का?" मी म्हणालो, "नाही." तिने माझ्या हातावर खोबऱ्याचा एक तुकडा ठेवला.

तर मित्रांनो, माझे उत्तर असे आहे. चेंडू मारणे, काठी फिरवणे, डाव टाकणे, चटकन उठणे ही सारी कसबे अवघड आहेत. पण सर्वांत अवघड आहे ते योग्य क्षण येईपर्यंत स्वतःला आवरणे. हे कसब बहुतेक खेळांत लागते, आणि चाचांच्या दुकानातही लागते.

तुम्हाला हे पटले नसेल, तर उद्या मधल्या सुटीत वाद घाला. प्रत्येकाने आपापल्या खेळाची बाजू मांडा. एकच अट आहे : समोरच्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही. जमते का, ते पाहा.