आमचें सुगंधपुराण

निसर्गांत जें उपजतें तें निरुपद्रवी असतें, असा एक समज आमच्या मनांत पुष्कळ वर्षें ठाण मांडून होता. वर्गांत इंग्रज निसर्गकवींच्या कविता पंचवीस वर्षें शिकविल्यामुळें तो बळावला कीं काय, न कळे. खाजकुइली हेंही निसर्गाचेंच अपत्य आहे, हें कोंकणांत बालपण काढलेल्या माणसास कोणी सांगावयास नको होतें. परंतु सुरेख बाटलींत भरलेल्या निसर्गाविषयीं मनुष्य सहसा संशय घेत नाहीं.

ती बाटली लॅव्हेंडरच्या तेलाची होती. मुलीनें भेट म्हणून पाठविलेली. ती दोन वर्षें न्हाणीघराच्या खिडकींत, उन्हाच्या कवडशांत पडून होती. बूचही कधीं धड लावलेलें नसे. आमच्या सौ.ची त्वचा पहिल्यापासून नाजूक. साबण बदलला तरी हात लाल व्हावयाचे. म्हणून त्या कधींमधीं बोटभर तेल मनगटाला लावीत, एवढेंच. २०२३ सालच्या दिवाळींत मात्र आम्हांस उत्साह आला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगासाठीं पाव वाटी तिळाचें तेल काढलें होतें, त्यांत आम्हीं अर्धा चमचा लॅव्हेंडर ओतलें.

"अहो, जरा जास्त होतंय का?"

"अगं, फुलांचाच अर्क तो!" हें आमचें उत्तर.

भाऊबिजेला ओवाळावयास उठल्या तों मानेवर, दंडांवर, पाठीवर लाल चट्टे, बारीक फोड, आणि झोंप न येऊं देणारी खाज. असल्या प्रसंगीं सर्व स्नेही वैद्य होतात. एकानें निलगिरी चोळावयास सांगितली, दुसऱ्यानें टी-ट्री तेल. सुदैवानें या खेपेस घरांत आमचें कोणी विचारलें नाहीं, सौ. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या.

चट्टे बरे झाल्यावर तज्ज्ञांनीं त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या चकत्या चिकटविल्या, दोन दिवसांनीं काढून पाहिलें, आणि आणखी दोन दिवसांनीं पुन्हां पाहिलें. ही परीक्षा नवी नव्हे. यादासोन या जर्मन वैद्यानें ती १८९५ सालीं प्रथम मांडली. निकाल असा कीं, लॅव्हेंडरमधील लिनॅलूल हें द्रव्य हवेशीं संयोग पावून जें रूप घेतें, तें त्यांच्या त्वचेस सोसत नाहीं. ताजें लिनॅलूल त्या मानानें सौम्य. बाटली जुनी झाली, उघडी राहिली, तापली, कीं तें बिघडत जातें. नुसता दाह होणें निराळें; त्यास कारण झालेलें द्रव्य दूर केलें म्हणजे तो शमतो. ही ॲलर्जी मात्र शरीराचें स्मरण आहे. पहिल्या भेटींत शरीर मुकाट्यानें ओळख करून घेतें व पुढच्या भेटींत वैर दाखवितें, आणि हें वैर बहुधा जन्मभर टिकतें. मनगटावरच्या बोटभर तेलानें ओळख झाली असावी. पुढचें काम आम्हीं केलें.

मग आम्ही हिशेबाला बसलों. थेंब म्हणजे मिलिलिटरचा सुमारें विसावा भाग. चहाच्या चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, साध्या तेलांत एक थेंब टाकला कीं प्रमाण शेंकडा १ झालें. नाजूक त्वचेस त्याच्याही निम्मे, दोन चमच्यांत एक थेंब, पुरे. आमच्या वाटींतलें प्रमाण शेंकडा ६ च्या आसपास भरलें! परंपरेकडे बोट दाखवावें, तर तेंही साधेना. कनोज-जौनपूरकडे फुलेल करावयाचें तें तिळांवर फुलांचे थर रचून. तिळांनीं वास शोषला म्हणजे ते घाण्यांत घालावयाचे. त्यांत वास उतरे तो बेताचा. वाफेनें उतरविलेलें निवळ तेल म्हणजे ढीगभर फुलांचें सार. आजीच्या तेलाचें नांव सांगून आम्हीं भलतेंच केलें होतें.

आतां कोणी विचारलें, अथवा न विचारलें तरी, आम्ही पाठ म्हणून दाखवितों. नवें तेल आधीं पातळ करून कोपराच्या आंतल्या बाजूस, रुपयाएवढ्या जागीं, दिवसांतून दोनदां, आठदहा दिवस लावून पाहावें. खाज वा लाली दिसतांच थांबावें. एका दिवसाच्या परीक्षेवर विसंबूं नये. दालचिनी, लवंग, गवती चहा यांच्या तेलांच्या वाटेस नाजूक त्वचेनें जाऊंच नये. लिंबाच्या सालींतून दाबून काढलेलें तेल अंगाला लावून उन्हांत हिंडल्यास भाजल्यासारखे डाग पडतात. फुटलेल्या कातडीस आणि तान्ह्या मुलांस यांतलें कांहींच नको. स्नानाच्या पाण्यांत थेंब टाकणारे स्वतःस सावध समजतात. पण तेल पाण्यांत मिसळत नाहीं, वर तरंगतें आणि तसेंच्या तसें अंगास चिकटतें. बाटली गडद कांचेची, घट्ट बुचाची असावी, थंड जागीं ठेवावी, व उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. आमच्या विद्यार्थ्यांस हा तास कवितेच्या तासाहून अधिक आवडतो.

सौ.च्या माहेरची एक अत्तराची पेटी होती. मोगरा, हिना, केवडा; त्यांच्या वडिलांनीं लग्नांत दिलेल्या. सर्वच सुगंधी द्रव्यें अंगाला लावणें वर्ज्य ठरल्यावर ती त्यांनीं मुलीला देऊन टाकली. देण्यापूर्वीं एकेका कुपीचें बूच काढून, हात लांब धरून, वास घेतला आणि बूच पुन्हां घट्ट लावलें. आम्ही शेजारींच उभे होतों. आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

पुढच्या दिवाळीस अभ्यंगाला नुसतें तिळाचें तेल होतें. वाटी पुढें केली तेव्हां, "कोमट केलंय ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें.