भैय्या चौकातले मास्तर

पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघाले. दौंड, कुर्डूवाडी मागे पडलं आणि रात्री सोलापूर आलं. सकाळी भैय्या चौकासाठी रिक्षा केली. रिक्षावाले काका फोनवर तेलुगू, सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याशी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलत होते. या भाषा कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘शिकतंय कोण? चाळीत खेळता खेळता आल्या की ओ.’’

माझी चिनी अशी खेळताना आलेली नाही. पुण्यात अक्षरं गिरवली, मग शिजियाच्वांगला शिकायला गेले आणि तिथंच चिनी मुलांना हिंदी शिकवून पाहिली. ‘राम ने रोटी खाई’मधलं क्रियापद रामाचं न ऐकता रोटीचं का ऐकतं, असं मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. नियम मला पाठ होता. तिच्या भाषेत तो तिला पटेल असा मांडताना घशाला कोरड पडली. भाषा बोलता येणं वेगळं, त्या भाषेत शिकवणं वेगळं.

त्याच शिजियाच्वांगमध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. त्यांचं सोलापूरचं घर, आताचं स्मारक, पाहायचं तेव्हाच ठरवलं होतं.

1910 साली ते या गावात जन्मले. 1938 मध्ये नागपूरच्या डॉ. चोळकरांसह पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. निघताना चिनी येत नव्हती. जानेवारी 1941 मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले, तेही चिनीत. जपानी सैन्याचे हल्ले चालू, औषधांची टंचाई, आणि त्यातच विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहायचं! 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32व्या वर्षी, ते गेले.

स्मारकातल्या छायाचित्रांपुढून मी हलू शकत नव्हते. जखमींवर अहोरात्र शस्त्रक्रिया करणारे कोटणीस आपल्याला शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ठाऊक आहेत. दोन-अडीच वर्षांत परकी भाषा आत्मसात करून वर्गात उभे राहिलेले कोटणीस मात्र आपण जवळजवळ विसरलोय, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. शिजियाच्वांगमध्ये त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे; तिथली मुलं त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. सोलापुरातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदा तरी या घरात आणावं, आणि सोबत माझ्यासारख्या भाषा शिकणाऱ्यांनाही.