शास्त्रपाठाच्या पाळ्या

रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ कोणी वाचायचा, अर्पण कोणी गोळा करायचं, याची आमच्या पुण्यातल्या मंडळीत एक वही आहे. ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पुढच्या पाळ्या लावण्यासाठी मी मागची पानं चाळली. वाचणाऱ्यांत तीच ती आडनावं होती. ज्यांचे आजी-आजोबा मिशनच्या शाळांत, दवाखान्यांत नोकरीला होते, ती घराणी. बीड-जालन्याकडून बांधकामावर, घरकामाला आलेली कुटुंबंही कित्येक वर्षं आमच्यात आहेत. त्यांची नावं सापडली ती सतरंज्या, खुर्च्या आणि नाताळच्या जेवणाची भांडी यांच्यापुढे.

हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. या माणसांना मी लहानपणापासून ओळखते. कुणाच्याही दुखण्याखुपण्याला ती धावून जातात. त्यामुळेच ते जास्त लागलं.

आम्ही मराठी ख्रिस्ती एकमेकांना जात विचारत नाही. मूळ गाव कुठलं, आईकडचं आडनाव काय, एवढंच विचारतो आणि सोयरीक जुळवताना त्यातून कळायचं ते कळतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या काळात सोवळं-ओवळं किती कष्टानं सुटलं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणानं लिहिलंय. त्यांचं सोवळं निदान डोळ्यांना दिसत होतं. आमचं दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं आम्ही धरून चालतो.

कमिटीच्या बैठकीत मी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढला. यरुशलेमची ती पहिली मंडळी. पवित्र आत्म्यानं भरलेली, सगळं सामाईक मानणारी. तरीही रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. कोणी मुद्दाम वगळत होतं, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. कुरकुर कानावर आल्यावर प्रेषितांनी ‘आमच्यात भेदभाव नाही’ असं सांगितलं नाही, की तक्रार करणाऱ्यांना सबुरीचा उपदेश केला नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सात जण निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा मागे राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. मन शुद्ध व्हावं म्हणून प्रार्थना करायलाच हवी, पण या अध्यायात प्रश्न सुटला तो वाटपाचे हात बदलल्यानं. माझा सगळा भर यावर होता.

एक वडील दुखावले. ‘आपण कधी कुणाला अडवलंय का? त्यांचे उच्चार स्पष्ट नाहीत. लोकांना वचन कळायला नको?’ त्यावर पाळकसाहेब म्हणाले, ‘पेत्र गालीलचा आहे हे अंगणातल्या लोकांनी त्याच्या बोलीवरूनच ओळखलं होतं.’ मग कोणी काही बोललं नाही.

पहिली पाळी जालन्याकडच्या एका मावशींना दिली. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय होता: सोन्याची अंगठी घालून आलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी. आठवडाभर त्यांनी लेकीला वाचून दाखवून सराव केला होता. ओळीखाली बोट ठेवून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत त्यांनी वाचलं. मागच्या बाकापर्यंत शब्दन् शब्द कळला. दुखावलेल्या वडिलांनी उपासनेनंतर त्यांना पुढच्या महिन्यातली तारीख स्वतःहून विचारली.

आता पाळ्या कुटुंबांच्या नोंदवहीच्या क्रमानं लागतात, भांड्यांच्याही. कमिटीत मात्र त्या कुटुंबांतलं अजून कोणीही नाही. येत्या वार्षिक सभेत मी दोन नावं सुचवणार आहे. आमच्या मंडळीचे जे सभासद हे वाचत असतील त्यांनी त्या दिवशी हजर राहून या नावांसाठी हात वर करावा, ही विनंती.