न वाचलेला निरोप

संगणकाशी माझी ओळख चाळिशीनंतर झाली. वसईतील आमच्या छोट्याशा हिशेबाच्या कार्यालयात नऊ संगणक आणि एक सर्व्हर होता. मला त्यातले थोडेफार कळते, म्हणून त्यांची देखभाल माझ्याकडे आलेली. अशा कामाने माणसाच्या अंगी नकळत एक ताठा येतो. तो माझ्या अंगातून कसा उतरला, त्याची ही हकिकत.

2011 सालचा जुलै महिना. आयकर विवरणपत्रांची घाई चाललेली. एका सोमवारी नुकतीच बी. कॉम. झालेली एक मुलगी आमच्याकडे रुजू झाली. तिची ही पहिलीच नोकरी. आदल्या आठवड्यात जोडून ठेवलेला नवा संगणक मी तिला दिला, सर्व्हरवर तिचे नाव नोंदवले आणि पासवर्डची चिठ्ठी तिच्या हाती ठेवली. परंतु संगणक काही तिला आत घेईना. बाकीचे आठही जण बिनबोभाट कामाला लागले होते. तेव्हा दोष तिचाच, हे मी मनोमन ठरवून टाकले. दुपारपर्यंत मी तिचा पासवर्ड तीनदा बदलला. तिसऱ्या खेपेस माझा आवाज चढला. साऱ्यांनी माना वर केल्या.

“सर, मी बरोबरच टाइप करते आहे,” एवढेच ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

तिची चूक तिच्या पदरात घालावी, या हेतूने मी तिच्या खुर्चीत बसलो आणि माझेच नाव, माझाच पासवर्ड टाइप केला. संगणकाने मलाही नाकारले! तेव्हा कुठे मी पडद्यावरचा निरोप प्रथमच नीट वाचला. पासवर्ड चुकला, असे त्यात कोठेही नव्हते. ओळख पडताळून देणारा सर्व्हरच मला सापडत नाही, असे तो बिचारा सकाळपासून सांगत होता.

मग उलगडा होत गेला. 2000 साली आलेल्या विंडोजच्या आवृत्तीपासून कार्यालयातले संगणक आपला सर्व्हर ‘डीएनएस’ या नामसूचीच्या आधारे शोधतात. शनिवारी आमचा राऊटर बदलला होता आणि नवा राऊटर सर्वांना इंटरनेट कंपनीच्या नामसूचीचा पत्ता वाटीत होता. त्या सूचीला साऱ्या जगाचे पत्ते ठाऊक. पण आमच्या आळीतले घर तिला कसे ठाऊक असणार?

मग बाकीचे आत कसे गेले? प्रत्येक विंडोज संगणक, निराळी सूचना नसल्यास, यापूर्वी आत आलेल्या 10 जणांची खूण जपून ठेवतो आणि सर्व्हर न सापडल्यास तिच्यावर विसंबून त्यांना आत घेतो. जुन्या मंडळींना असा आठवणीवर प्रवेश मिळाला होता. एरवी तीही सर्व्हरपासून तुटलेलीच होती. सामाईक फोल्डर उघडत नाही, असे दोघांनी सकाळीच मला सांगितले होते. ‘आज जरा संथ आहे,’ म्हणून मी त्यांची बोळवण केली होती.

पत्ते वाटण्याचे काम राऊटरकडून काढून सर्व्हरकडे दिले, संगणक पुन्हा सुरू केले. दहा मिनिटांत ती मुलगी आत आली, आणि तीही सकाळच्या तिसऱ्या पासवर्डने.

संध्याकाळी जिन्यात गाठून मी तिची हळूच माफी मागितली. “ठीक आहे, सर,” ती म्हणाली आणि निघून गेली. रात्रभर मला ते शब्द टोचत राहिले. रागावलो होतो चारचौघांत आणि क्षमा मागितली जिन्यात! दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सर्वांदेखत सांगितले, “काल चूक माझी होती. हिची नव्हती.” त्यावर ती प्रथमच हसली.

त्यानंतर अशा तक्रारी पुष्कळ आल्या. आता मी आधी पडद्यावरचा निरोप शेवटपर्यंत वाचतो, मग त्याच संगणकावर स्वतःच्या नावाने आत जाऊन पाहतो. व्यवस्थेत बिघाड झाला, तरी आम्हा जुन्यांचे आठवणीवर निभावून जाते. दार बंद आहे, हे आधी कळते ते नव्याने आलेल्याला. म्हणून त्याचे म्हणणे मी आता सर्वांत आधी ऐकतो.