पास, नापास आणि मधली सगळी गंमत

५! पायथॉन प्रोग्रॅमच्या चाचण्या घेणाऱ्या पायटेस्टने चक्क ५ उत्तर दिलं आणि मी खुर्चीतून उठलोच. एक रिकामा फोल्डर मुद्दाम चालवून बघितला होता. एकही चाचणी नाही, म्हणजे एकही नापास नाही, म्हणजे सगळं आलबेल, असंच ना? छे! सगळ्या चाचण्या पास झाल्या तर हा गडी ० परत करतो, एखादी जरी नापास झाली तर १, आणि चाचणीच सापडली नाही तर ५. तपासलंच नाही त्याला पास म्हणायला तो तयारच नाही. काय बाणेदारपणा!

आमच्या संगमनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी दर काढायचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाका, लिटरचा दर घ्या. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरायचं, तिथून दर वर-खाली. चाचण्या चालवल्या की पडद्यावर ओळ सरकते: टिंब, टिंब, एफ, टिंब, एस, एक्स, ई. मला वाटायचं, उत्तरं दोनच!

टिंब म्हणजे पास. एफ म्हणजे नापास: ३.४ फॅटला दर उतरायला हवा होता, उतरला नाही. आणि ई? चाचणीपर्यंत पोचलोच नाही, दरपत्रकाची फाइल उघडतानाच गाडी अडली. अहो, दूध फॅटला कमी लागणं वेगळं आणि फॅटचं मशीनच बंद पडणं वेगळं. मशीन बंद म्हणून कुणी शेतकऱ्याचे पैसे कापतं का? एस म्हणजे वगळलेली. वजनकाटा जोडलेला नसला की तेवढी चाचणी बाजूला.

छोटा एक्स माझा लाडका. ही नापास होणार हे आधीच सांगून ठेवायचं. म्हशीच्या दुधाचा हिशेब अजून लिहिलेला नाही, पण त्याची चाचणी मात्र तयार आहे. उद्या ती अचानक पास झाली की मोठा एक्स, आणि कडक नियम लावला तर त्या अनपेक्षित पासलाच तो नापास ठरवतो!

बरं, यशाला शून्य का? यश एकाच तऱ्हेचं, अपयशाच्या तऱ्हा हजार. उरलेले आकडे तिकडे लागतात. पण युनिक्सवर जागा एका बाइटची, २५५ पर्यंतच, पुढे पुन्हा शून्यापासून. एखाद्या भाबड्या प्रोग्रॅमने नापासांची संख्याच परत केली आणि ती नेमकी २५६ भरली तर? शून्य! २५६ नापास आणि वर हिरवा कंदील! पर्ल भाषेच्या मंडळींनी हे ओळखून त्यांच्या ‘टेस्ट मोअर’ या चाचणीच्या साधनामध्ये नापासांचा आकडा २५४ लाच थांबवलाय, २५५ राखून ठेवलाय प्रोग्रॅम अर्ध्यातच कोसळला तर सांगायला.

भेटेल त्याला हे २५६चं कोडं घालत सुटलोय. केंद्रावरच्या अण्णांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कॅनचं झाकण लावलं आणि म्हणाले, “ते म्हशीचं कधी करतोस?”